कच्चे कैदी, जात आणि मताचा हक्क: तुरुंग हवेतच का?

माळरान (धागा):
"तुरुंगच नकोत" असं कुणी म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: मग खुन्याला, बलात्काऱ्याला मोकळं सोडायचं का? प्रश्न रास्त आहे, मी त्याला बगल देणार नाही. पण त्याआधी आपल्या तुरुंगांत आज आहे तरी कोण, हे नीट बघू या. ज्याच्या धास्तीने आपण तुरुंगाची बाजू घेतो तो माणूस वेगळा असतो आणि गजाआड बसलेला बहुतेकदा वेगळाच असतो.

एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाची, २०२२ ची तुरुंगांची आकडेवारी घ्या. देशभरात कैदी ५,७३,२२०. जागा ४,३६,२६६ जणांची. आणि या कैद्यांपैकी कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्धच झालेला नाही असे, ४,३४,३०२. चारांतले तीन. कायद्याच्या लेखी हे सगळे निर्दोष आहेत.

मग आत कोण राहतं आणि बाहेर कोण येतं, हे कशावर ठरतं? बऱ्याचदा सातबाऱ्यावर. जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याला जामिनावर सोडायचा आदेश वरून झाला होता. खाली दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर 'तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे' म्हणून त्याला परत पाठवलं. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यावर खरमरीत निकाल दिला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली, आणि कोर्टाच्या आवारातलं चित्र फारसं हललेलं नाही.

आता जातीकडे येतो. आपल्याकडे माणूस गुन्हेगार ठरायला गुन्हा घडावा लागत नव्हता, असा मोठा काळ होऊन गेला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, अशा जमातीच्या जमाती यादीत टाकल्या. पोर जन्मलं ते यादीत जन्मलं. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत केली होती, त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. यादी फाटली, संशय तसाच राहिला. आजही वस्तीवर दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी पालांकडे वळते.

तुरुंगाच्या आत काय होतं? उत्तर प्रदेशच्या तुरुंग नियमावलीत लिहिलेलं होतं की साधी कैद झालेल्या बंद्याला हीन समजली जाणारी कामं सांगू नयेत, अपवाद फक्त तसल्या कामाची 'सवय' असलेल्या जातीतल्यांचा. पश्चिम बंगालच्या नियमावलीत झाडूकाम कुठल्या जातीतल्या बंद्यांना द्यावं ते नावानिशी होतं. स्वतंत्र भारतात, अस्पृश्यता बंद करणारं राज्यघटनेचं कलम १७ असताना. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी हे खणून काढलं, त्या कोर्टात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानासुद्धा काढायला सांगितला. ७४ वर्षं तो रकाना तिथे होता आणि एकाही विधानसभेला तो खुपला नाही.

का खुपला नाही, हाच माझा खरा मुद्दा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेला माणूस मत देऊ शकत नाही. शिक्षा झालेला असो वा कच्चा कैदी. जामिनावर सुटलेला मात्र देऊ शकतो. म्हणजे एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी असतील, तर ज्याच्याकडे जामीनदार आहे त्याला मत आहे आणि ज्याच्याकडे नाही त्याला नाही. त्याहून पुढचं बघा. कच्च्या कैद्याला निवडणूक लढवता येते. २०२४ ला बारामुल्लाहून इंजिनिअर रशीद तिहारमध्ये बसून खासदार झाले. ते उभे राहू शकले, निवडून येऊ शकले, पण स्वतःला मत देऊ शकले नाहीत.

ज्यांना मत नाही त्यांच्या हालांची किंमत कुठल्याही पक्षाला मोजावी लागत नाही. गरिबाला आत टाका, त्याचं मत काढून घ्या, मग त्याची बाजू मांडणारं कुणी उरत नाही, म्हणून पुढचा गरीबही आत जातो. हे चक्र लोकशाहीच्या नावाने चालतं. माझं म्हणणं असं आहे की नवा एकही तुरुंग बांधू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले कच्चे कैदी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडा. आतल्यांना मत द्या. आणि तुरुंग ही गोष्ट हळूहळू संपवायची आहे, हे धोरण म्हणून जाहीर करा. खून-बलात्कारातल्या घातक माणसाला इतरांपासून वेगळं ठेवावं लागेल, ते मला मान्य आहे. पण त्यासाठी पावणेसहा लाख माणसं कोंडायची गरज नाही.

रोखठोक७१:
लेख तळमळीने लिहिलाय, पण तळमळ म्हणजे युक्तिवाद नव्हे. तुम्ही दाखवलेला प्रत्येक दोष खरा मानला तरी त्यातून निघतं एवढंच की खटले लवकर चालवा, न्यायाधीश वाढवा, जामीन सोपा करा. 'तुरुंग संपवा' हे त्यातून कुठे निघतं? रुग्णालयात खाटा कमी आहेत म्हणून रुग्णालय बंद करा, असं कुणी म्हणत नाही.

दुसरं, जातीचा रकाना कुणी काढला? न्यायालयाने. न्यायालय कुठल्या व्यवस्थेचा भाग आहे? याच लोकशाहीचा. एक पत्रकार सरकारविरुद्ध कोर्टात जाते आणि सरन्यायाधीशांचं पीठ तिच्या बाजूने निकाल देतं, याला तुम्ही लोकशाहीचं अपयश म्हणता? जगात किती देशांत हे होऊ शकतं ते सांगा.

आणि तुरुंगात बहुतेक कैदी मागासवर्गीय आहेत, हा आकडा नेहमी पुढे येतो म्हणून आधीच सांगतो. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून या देशाची बहुसंख्या होते. मग तुरुंगातही तीच बहुसंख्या असणार. त्यात भेदभाव सिद्ध होत नाही.

माळरान:
ओबीसी धरून बेरीज करायची नाही हे मान्य. मग सुटं बघू. अनुसूचित जातींचं लोकसंख्येतलं प्रमाण २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के. तुरुंगात साधारण पाचांतला एक. मुस्लिम लोकसंख्येत १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांत तेही जवळपास पाचांतला एक. भटक्या-विमुक्तांचा तर स्वतंत्र हिशेबच ठेवला जात नाही. ज्यांना दीडशे वर्षांपूर्वी नाव घेऊन यादीत घातलं, त्यांची मोजदाद मात्र आता नको.

न्यायालयाच्या निकालाचा मलाही आनंद आहे. पण तीन न्यायाधीशांनी ७४ वर्षांनी दुरुस्त करावं आणि लाखो मतदारांच्या हजारो प्रतिनिधींनी तोवर बघावंही नाही, याला मी लोकशाहीचं यश कसं म्हणू?

तालुकावकील:
मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करते, त्यामुळे जामिनाचं जरा सविस्तर लिहिते. वरून वाचताना ते सोपं वाटतं.

समजा चोरीच्या गुन्ह्यात पंधरा हजारांचा जामीन झाला. साहेबांच्या आदेशात 'एक सक्षम जामीनदार' असं असतं. जामीनदाराने आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणायची. मग काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. तो काढायचा तर आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, मग तहसील. आरोपी पालावर राहणारा असेल तर त्याच्या अख्ख्या नात्यात सातबारा असलेला एक माणूस निघत नाही. गावातला शेतकरी त्याला जामीन राहील का? राहत नाही. मग भाडोत्री जामीनदार शोधायचा, त्याला पैसे द्यायचे, ते बायको सावकाराकडून आणते. यात जामिनाचा आदेश कागदावर आणि माणूस आत, असे महिने जातात. जामीन होऊनही महिनाभरात माणूस सुटला नाही तर अट सैल करण्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलंय. अर्ज केला तर होतंही. पण अर्ज करणार कोण?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ चांगलं आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. त्यासाठी अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेच करायचा. (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत.) पण त्याच कलमाची दुसरी पोटकलम वाचा. ज्याच्यावर एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित आहेत त्याला या कलमाखाली सोडायचं नाही. आता पारध्याच्या पोरावर एक गुन्हा कधी असतो का? एकात धरला की तपास न लागलेले आणखी चार त्याच्या नावावर चढतात. ज्याला या कलमाची सगळ्यात जास्त गरज, तोच त्यातून वगळला गेला. ते चार गुन्हे पुढे शाबीत होत नाहीत, पण तोवर त्याची वर्षं गेलेली असतात.

एवढं असून मी 'तुरुंग बंद' म्हणणार नाही. हुंड्यासाठी जाळलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब वाचल्यावर ते म्हणवत नाही.

शेतवस्ती:
मी शहाणपणाचं काही लिहू शकत नाही, घडलेलं लिहितो. आमची वस्ती गावापासून लांब, उसात. आधी कुत्र्याला विष घातलं. मग दार फोडून सहा जण आत. वडिलांना खांबाला बांधून मारलं. आईच्या कानातली फुलं काढायला वेळ लागला म्हणून ओरबाडली, कानाची पाळी फाटली. तिला आजही रात्री मोटर सुरू झाल्याचा आवाज आला तरी उठून बसते.

दोघे सापडले. त्यातला एक जामिनावर सुटला आणि आठवडी बाजारात समोरासमोर आला. माझे वडील भाजीची पिशवी तिथेच टाकून घरी आले. तुम्ही म्हणता कच्चा कैदी निर्दोष असतो. कोर्टाच्या लेखी असेल. माझ्या वडिलांनी त्याचं तोंड बॅटरीच्या उजेडात बघितलेलं आहे.

त्याला मत देता आलं नाही तर मला काडीचंही दुःख होणार नाही.

माळरान:
दादा, तुमच्या घरावर जे गुदरलं त्यापुढे माझ्याकडे बोलायला शब्द नाहीत. ज्या माणसाने हे केलं त्याला तुमच्यापासून लांब ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे मी पूर्ण मानतो. सशस्त्र दरोड्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, मी ज्यांना सोडा म्हणतोय त्यांत तो बसतही नाही. एक विचारू का? खटल्याचं काय झालं?

शेतवस्ती:
चालूच आहे. आईला साक्षीला तीनदा नेलं. एकदा साहेब रजेवर, एकदा आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस नव्हते, एकदा त्यांच्या वकिलाने तारीख मागितली. प्रत्येक वेळी ती आदल्या रात्री झोपली नाही. आता ती म्हणते, मला नका नेऊ. साक्ष झालीच नाही तर ते सुटतील, हे तिला कळतं, तरी म्हणते.

भरपाईचा अर्ज करा असं कुणी सांगितलं होतं. भरपाई नको, निकाल हवा.

भीमाकाठ:
मी या धाग्यावर माळरान यांच्या विरुद्ध बाजूने लिहितेय, आणि रोखठोक यांच्याही बाजूने नाही.

तुरुंग संपवा ही भाषा ऐकायला मोठी उदार वाटते. पण आमच्या बाजूने बघा. दलितांवर हात टाकणाऱ्याला अटक होईल, तो आत जाईल, ही भीती गावात बसवायला आम्हाला १९८९ पर्यंत, ॲट्रॉसिटी कायदा येईपर्यंत, वाट बघावी लागली. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या तात्काळ अटकेवर बंधनं घातली. २ एप्रिलला देशभर बंद झाला. आमची माणसं रस्त्यावर उतरली, काही जिवानिशी गेली. कशासाठी? आरोपीला अटक व्हावी म्हणून. शेवटी त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. ही मतांची ताकद होती, आणि ती आम्ही तुरुंगाच्या बाजूने वापरली.

२९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. एका कुटुंबातली चार माणसं गावाने मारली. खालच्या कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली, आणि ॲट्रॉसिटीचं कलम कुठल्याच कोर्टात टिकलं नाही. आम्हाला राग आहे तो शिक्षा कमी पडली याचा. 'तुरुंग नको, संवाद करू, गावात बसून मिटवू' हे आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. गावात बसून मिटवणं म्हणजे काय असतं, ते ज्याच्या बाजूने गाव कधीच बसलं नाही त्याला विचारा. तक्रार मागे घे, नाहीतर पिठाची गिरणी बंद, पाणी बंद. याला तुम्ही पर्यायी न्याय म्हणणार असाल तर मला गजाचा न्याय चालेल.

पण आत जाणाऱ्यांत आमचीच पोरं जास्त, हेही तितकंच खरं. म्हणून मी म्हणते की तुरुंगाचं दार दोन्ही जातींना सारखं उघडू दे. आज ते आमच्यासाठी आत जायला लवकर उघडतं आणि त्यांच्यासाठी बाहेर पडायला.

रोखठोक७१:
भीमाकाठ, तुमच्या पहिल्या तीन परिच्छेदांशी शब्दशः सहमत. गाव मिटवतं म्हणजे ज्याची मनगटशाही त्याचा न्याय. आणि राज्याचा दंड ढिला पडला की जमाव तो हातात घेतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. माळरान यांना हा दाखला चालेल ना? मेलेले पाचही जण भटक्या समाजातले, नाथपंथी डवरी गोसावी. त्यांना वाचवू शकलं असतं तर पोलीस आणि कायद्याचा धाक.

माळरान:
चालेल, कारण तो मीही देणार होतो. राईनपाड्याच्या दिवशी तुरुंग होतेच, कायदाही होता. तरी फिरस्ता माणूस दिसला की तो पोरं पळवणारा असणार, हे त्या जमावाला एका क्षणात पटलं. १८७१ पासून सरकारनेच गिरवून घेतलेला धडा आहे तो. त्या जमावाला शिक्षा व्हायला हवी यावर आपलं दुमत नाही. माझा प्रश्न शिक्षेआधीच्या संशयाचा आहे. आणि हा संशय तुरुंग रोज नव्याने तयार करतो: पाल, पोलीस, तुरुंग, सुटका, पुन्हा तेच पाल, आता 'रेकॉर्डवरचा' म्हणून.

भीमाकाठताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ॲट्रॉसिटीतल्या अटकेला माझा विरोध नाही. पण गाव ज्याच्या मागे उभं आहे त्याला जामीनदार मिळायला दुपारसुद्धा लागत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. ज्या यंत्राची दोरी त्यांच्या हातात आहे, ते यंत्र आपल्या कामाला किती येणार?

नदीपल्याड:
मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं अमेरिकेत, लुइझियाना राज्यात. तुरुंग संपवण्याची मागणी सगळ्यात जोरात इथे होते, म्हणून इथलं सांगतो.

इथला अंगोला नावाचा तुरुंग म्हणजे अठरा हजार एकर शेती. आधी तिथे गुलाम राबणारा मळा होता, आफ्रिकेतल्या ज्या भागातून माणसं आणली त्याचंच नाव मळ्याला पडलं आणि पुढे तुरुंगाला. आजही कैदी तिथे हाताने पीक काढतात, मागे घोड्यावर बंदूकवाला. मजुरी तासाला काही सेंट. कैद्यांत बहुसंख्य काळे. हे चालतं कसं? १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण एक पळवाट ठेवली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. लगेच दक्षिणेतल्या राज्यांनी भटकणं, कामावाचून असणं, असले गुन्हे कायद्यात घातले, काळ्या माणसांना पकडलं आणि खाणींना, मळ्यांना भाड्याने दिलं. अलाबामात हे १९२८ पर्यंत चालू होतं. १८७१ चा आपला कायदा आणि हे कायदे एकाच काळातले आहेत, आणि दोघांचं लक्ष्यही एकच: फिरता, जमीन नसलेला माणूस.

लोकशाहीबद्दल माळरान जे म्हणतात त्याला इथून पुरावा देतो. ही पळवाट आपल्या राज्यापुरती बुजवायची का, असं कॅलिफोर्नियाच्या मतदारांना नोव्हेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर सरळ विचारलं गेलं. बहुमत 'नाही' असं आलं. कॅलिफोर्निया, जे पुरोगामी म्हणून मिरवतं. आणि ज्यांच्याकडून सक्तीने काम करून घेतलं जातं त्या तुरुंगातल्या माणसांना त्या दिवशी मत नव्हतं.

रोखठोक७१:
नदीपल्याड, माहिती चांगली दिलीत, पण अर्धी. अलाबामात आणि टेनेसीत २०२२ साली मतदारांनी हीच पळवाट मत देऊन बुजवली, हेही सांगा. दक्षिणेतली, कर्मठ राज्यं ती. म्हणजे मतपेटीतून सुधारणा होते. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी तुम्हाला न आवडणारा कौल दिला म्हणून लोकशाही नापास? मग आपल्याला आवडेल तेवढीच लोकशाही हवी, असं स्पष्ट म्हणा.

नदीपल्याड:
अलाबामाचं खरं आहे, आणि शब्द बदलले तरी तिथे कैद्यांची मजुरी चालूच राहिली, त्यावर खटले चालू आहेत. कौल नापसंत आहे म्हणून मी तक्रार करत नाही. ज्याच्या पाठीवर निर्णय उतरणार त्यालाच मतदानातून वगळलं, त्या निर्णयाला बहुमत म्हणायला मी तयार नाही. याच देशात मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं कैद्यांना कोठडीतून मत देऊ देतात, खुनाची शिक्षा झालेल्यालासुद्धा. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. (दोन्ही राज्यं जवळपास पूर्ण गोरी आहेत, हा योगायोग मला वाटत नाही.)

जुनीबराक:
कारागृह विभागात नोकरी करून निवृत्त झालो. कुठल्या जेलात ते सांगत नाही.

ज्यांनी जेल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पन्नास माणसांच्या बराकीत दीडशे झोपवायचे म्हणजे सगळे एका कुशीवर झोपतात. कूस बदलायची तर ओळच बदलते. संडासाच्या दाराशी कोण झोपणार? नवा आलेला आणि ज्याला बाहेरून मनीऑर्डर येत नाही तो. पैसा असलेला भिंतीकडेला. नोंदवहीतला जातीचा रकाना आता काढला, चांगलं झालं. पण गटार तुंबलं की कुणाला उठवायचं यासाठी आम्हाला नोंदवही कधी लागली नव्हती. आडनाव पुरत होतं. शिपायाने सांगायचीही गरज नसे, बराकीतली जुनी माणसंच बोट दाखवायची. बाहेरचा गाव जसाच्या तसा आत असतो.

तरी तुरुंग पूर्ण बंद करा हे मला पटत नाही. काही माणसं मी जवळून पाहिली आहेत, ती बाहेर नकोत. पण ती थोडी होती, बोटावर मोजण्याएवढी. बाकी चोरी, दारू, भांडण, रागाच्या भरातला खून.

आपल्याच राज्यात सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने १९३९ साली जन्मठेपेच्या कैद्यांची मोकळी वसाहत तिथे वसवली. भिंत नाही. कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. तेही खुनाच्या गुन्ह्यातले. ती वसाहत आजही आहे. पैठणलाही खुलं कारागृह आहे. पण खुल्या कारागृहात पाठवतात ते शिक्षा लागलेल्या आणि चांगली वागणूक असलेल्या कैद्याला. खून शाबीत झालेला माणूस शेतात मोकळा आणि सायकल चोरल्याचा आरोप असलेला पोरगा दीडशेच्या बराकीत, हे मी नोकरीभर बघत आलो. बदलायचं तर हे आधी बदला.

तालुकावकील:
जुनीबराक सर, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. आणखी एक भर. मध्य प्रदेशच्या नियमावलीत विमुक्त जमातीच्या कैद्याला खुल्या तुरुंगासारख्या सवलतींपासून लांब ठेवण्याची तरतूद होती. बंगालच्या नियमावलीत तर 'पळून जायची नैसर्गिक प्रवृत्ती' असलेल्या फिरत्या टोळ्या, असा उल्लेख होता. २०२४ च्या निकालाने हेही गेलं. पण नियमावली बदलायला सांगणं आणि ती प्रत्येक जेलच्या टेबलावर बदललेली असणं, यात अंतर आहे.

भीमाकाठ:
माळरान यांनी दोरी कुणाच्या हातात, असं विचारलं. त्याचं उत्तर: दोरी हातात घेणं. पोलिसात, वकिलीत, न्यायाधीशांच्या खुर्चीत आमची माणसं बसवणं. यंत्र मोडून टाकलं तर हातात घ्यायला दोरीच राहणार नाही. पण आडनावावरून गटारात उतरवणारं यंत्र जसंच्या तसं मला नको आहे, हेही नोंदवून ठेवा. आणि मताच्या बाबतीत मी पूर्णपणे माळरान यांच्या बाजूला. बाबासाहेबांनी एक माणूस एक मत लिहून दिलं. तहसीलदाराच्या दाखल्यावाचून ते कुणाचं अडू नये.

रोखठोक७१:
मताबद्दल माझं म्हणणं मांडतो. शिक्षा लागलेल्याने मत देऊ नये. ज्याने समाजाचा करार मोडला त्याने काही काळ कायदे करणाऱ्यांना निवडू नये, यात मला अन्याय दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कलम ६२(५) कायम ठेवताना हेच म्हटलं होतं, की तो स्वतःच्या वागण्याने आत गेला आहे. कच्च्या कैद्याला मात्र हे कारण लागू होत नाही, एवढं मी मान्य करतो. पण व्यवहार कसा जमणार? आर्थर रोडच्या तीन हजार कैद्यांनी त्याच वॉर्डात मतं टाकली तर स्थानिक निवडणुकीचं काय होईल?

तालुकावकील:
त्याच वॉर्डात टाकायची गरजच नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसाला कलम ६२(५) लागू नाही. तो आजही तुरुंगातून टपालाने मत देतो, स्वतःच्या गावच्या मतदारसंघात. फॉर्म आहे, पाकीट आहे, पद्धत ठरलेली आहे. ज्याला खटल्याशिवाय कोंडलंय त्याला मत आहे, आणि ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला नाही. पद्धत नव्याने शोधायची नाही, पाकिटं वाढवायची आहेत.

माळरान:
आणि १९९७ च्या निकालातलं दुसरं कारण मनुष्यबळाचं होतं, की एवढ्या कैद्यांच्या मतदानाला पोलीस कुठून आणायचे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ साली तिथल्या निवडणूक आयोगाला कैद्यांची नोंदणी करायला लावली, शिक्षा झालेल्यांचीसुद्धा. वर्णभेदातून नुकताच बाहेर पडलेला, आपल्याहून कितीतरी जास्त गुन्हेगारी सोसणारा देश. त्यांना जमलं.

रोखठोक७१:
कच्च्या कैद्यांना टपाली मत द्यायला माझा विरोध नाही. सिद्धदोष कैद्यांबाबत आणि तुरुंग संपवण्याबाबत तो कायम आहे.

शेतवस्ती:
मी सगळं वाचलं. वकीलबाईंना एक विचारायचंय. आरोपीला आणायला पोलीस नाहीत म्हणून तारीख पडली, तर व्हिडिओवरून त्याची हजेरी लावून आईची साक्ष घेता येते का? आणि तो अर्ज आम्ही करायचा की सरकारी वकिलाने?

तालुकावकील:
येते. आरोपी तुरुंगातून पडद्यावर आणि आई कोर्टात, असंही करता येतं. आईंना त्याच्या समोर बसायचं नसेल तर उलटही मागता येतं. अर्ज सरकारी वकिलामार्फत करा. ते टाळाटाळ करत असतील तर तुम्हाला स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो, ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, तिचाही अर्ज सोबत जोडा, त्या बाजारातल्या प्रसंगाची तारीख घालून. मला निरोप पाठवा, मसुदा मी करून देते.